पुढच्या चाकांचा जोर

वऱ्हाडातली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि झड लागली की फुगून बसते. अमरावती-अकोल्याच्या मधून वाहणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडच्या खारपाणपट्ट्यात, तिचा गारा आणखीच चिकट. अशा मुलखात चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी गाडी रोजच्या वापरात कधीच रुळायला हवी होती, असं कुणालाही वाटेल. गेल्या साठ-सत्तर वर्षांकडे पाहिलं तर झालं वेगळंच. रस्ते नव्हते तेव्हा इथला माणूस दोन चाकांच्या जोरावर फिरला, आणि चार चाकांच्या जोराची हौस त्याने केली ती रस्ते गुळगुळीत झाल्यावर.

महिंद्रांनी विलीजची जीप मुंबईत जोडायला घेतली १९४७ साली. वऱ्हाडच्या खेड्यांनी ती पाहिली मुख्यतः सरकारी गाडी म्हणून. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि बीडीओ साहेबांची जीप हे तालुक्यातलं एक प्रकरणच होऊन बसलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे युनिसेफने दिलेल्या जीप आल्या. निवडणुकीत कर्णे लावून फिरायलाही जीपच. या गाड्यांत गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असत: एक पुढची चाकं जोडायला, दुसरा ‘छोटा गिअर’ टाकायला. काही जीपना पुढच्या चाकांवर हब असत, ते खाली उतरून हाताने फिरवून लॉक करावे लागत. म्हणजे शहाण्या ड्रायव्हरने चिखलात शिरण्याआधीच उतरायचं. बहुतेक जण शिरल्यावर उतरत.

आणि काळ्या मातीत हा जोर फारसा पुरतही नसे. वाळूत किंवा मुरुमात टायरच्या नक्षीला धरायला काहीतरी मिळतं. काळीत चार फेऱ्यांत नक्षी गाऱ्याने भरते, टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो, मडगार्डच्या आत गोळा दाटतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मग पुढची चाकं जोडली काय अन् न जोडली काय, दोनाऐवजी चार खड्डे खणले जातात. शेवटी शेजारच्या वावरातली बैलजोडी सोडून आणावी लागे. जुन्या ड्रायव्हरांचं खरं कसब दांडा कधी टाकायचा यात नव्हतं, आज निघायचंच नाही हे ओळखण्यात होतं. शेतकरी वखरासाठी वाफशाची वाट पाहतो तशी तेही पांदण सुकण्याची वाट पाहत.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत रोजची प्रवासी वाहतूक कमांडर आणि ट्रॅक्स या जीपगाड्यांच्या हाती गेली. परतवाडा ते धारणी, अकोट ते हिवरखेड, दर्यापूर ते मूर्तिजापूर, कुठेही पाहा, काळी-पिवळी. यांतल्या बहुतेक गाड्या मागच्याच चाकांवर चालणाऱ्या. ज्या जीपला पुढचा जोर होता तिचाही पुढचा शाफ्ट काढून ठेवलेला असे. डिझेल वाचतं, क्रॉस झिजत नाही, गॅरेजचा खर्च टळतो. हिशेब रोकडा होता. मेळघाटाच्या चढणीवर या गाड्या चढल्या कशा, याचं उत्तर मागच्या फळीवर होतं. नऊ-दहा जणांच्या गाडीत वीस माणसं, त्यातली सहा-सात मागे लोंबकळलेली. हा सगळा भार मागच्या एक्सलवर पडे आणि जी चाकं ओढत होती तीच जमिनीला दाबून धरे. नियमाला धरून हे अजिबात नव्हतं आणि अपघात झाले की त्याची किंमतही मोजावी लागे. पण पकड मिळत होती, हे खरं.

चार चाकांचा जोर खऱ्या अर्थाने कामाला होता तो जंगलखात्याकडे. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९८५च्या डिसेंबरात मारुतीची जिप्सी आली आणि पुढे सेमाडोह-कोलकासच्या जंगलवाटांवर हीच गाडी दिसू लागली. हलकी, अरुंद, पेट्रोलवर चालणारी. ओल्या मुरुमाच्या चढावर आणि नाल्यातल्या गोट्यांवर तिला पुढची चाकं जोडून छोट्या गिअरमध्ये सावकाश न्यायचं. उतारावर तर छोटा गिअर ब्रेकपेक्षा मोलाचा, कारण इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. माझ्या मते या यंत्रणेतला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग तो हाच.

मधल्या काळात मुलूख बदलत गेला तो गाड्यांमुळे नाही, मुरूम-गिट्टीमुळे. २५ डिसेंबर २०००ला पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली. गावं डांबराने जोडली गेली, गावातल्या गल्ल्या सिमेंटच्या झाल्या. उलट अमरावती-अकोला हा हमरस्ताच अनेक वर्षं उखडलेला, धुळीचा आणि खड्ड्यांचा राहिला. पाठीचे मणके मोजत अकोला गाठायचं, असं लोक म्हणत. मग जून २०२२मध्ये एकदम टोकाची गोष्ट घडली. अमरावती जिल्ह्यातलं लोणी ते अकोला जिल्ह्यातलं माना या टप्प्यात ३ ते ७ जूनदरम्यान ७५ किलोमीटर डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, जेमतेम सव्वापंचवीस किलोमीटरचा. त्याच वर्षी ११ डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तोही धामणगाव-नांदगाव खंडेश्वरकडून अमरावती जिल्ह्यातून जातो.

आणि नेमकी याच सुमारास चार चाकांच्या जोराची, म्हणजे फोर-व्हीलची, हौस आली. २ ऑक्टोबर २०२०ला नवी थार बाजारात आली, तेव्हा ती चारही चाकांच्या जोराचीच मिळे. एमएच-२७ आणि एमएच-३०च्या पाट्या लावलेल्या थार अमरावतीच्या इर्विन चौकात, पंचवटीला, अकोल्याच्या टॉवर चौकात दिसू लागल्या. दांडा आहे तर टाकून पाहू, ही ऊर्मी स्वाभाविक. ‘फोर-व्हीलमध्ये गाडी रोडला चिकटून चालते’ असं ठासून सांगणारेही भेटतात.

कोरड्या डांबरावर ही समजूत महागात पडते. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा मोठी फेरी घ्यावी लागते, म्हणजे त्यांना जास्त फिरायचं असतं. जिप्सी, थार यांसारख्या गाड्यांत दांडा टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने बांधले जातात. दोघांमधला फरक सोसणारं डिफरन्शियल मध्ये नसतं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब जुळतो. कोरडं डांबर घसरू देत नाही. मग सगळा पीळ शाफ्ट, क्रॉस आणि ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, वळताना कुणी ब्रेक धरल्यासारखी गाडी अडते, टायर घासतात आणि दांडा परत निघता निघत नाही. तसं झालं की गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी, पीळ सुटतो.

चार चाकं ओढतात म्हणून चार चाकं लवकर थांबतात, हाही एक गैरसमज. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतो. ओल्या रस्त्यावर फोर-व्हील सुटताना घसरत नाही, त्यामुळे रस्ता निसरडा आहे हे चालकाला कळतं ते थेट ब्रेक मारल्यावर. पुराच्या रपट्यावर तर ही यंत्रणा काहीच करत नाही. मांडीभर वाहतं पाणी गाडीला खालून उचलतं. चाकच जमिनीवर टेकलं नाही तर त्याला जोर देऊन उपयोग काय?

पक्क्या सडकेवर रोज चालवण्याजोगी फोर-व्हील वेगळ्या जातीची. २०११ची एक्सयूव्ही ५००, २०१४ची डस्टर यांत मागचा जोर क्लचमार्फत गरजेपुरता आपोआप जोडला जाई. चिखलदऱ्याच्या घाटात पावसाळी धुक्यात वर जायला हीच रचना योग्य. पण तिला दांडा नव्हता, रुबाब नव्हता. जानेवारी २०२३मध्ये थार फक्त मागच्या चाकांच्या जोरावरही मिळू लागली, दहा लाखांच्या आत. मला तो सौदा जास्त प्रामाणिक वाटतो. रूप हवं होतं, ते घेतलं.

खरी गरज मात्र हटली नाही, ती ट्रॅक्टरकडे सरकली. वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांत ओळींमधून फिरणारे छोटे फोर-व्हील ट्रॅक्टर ओल्या जमिनीत फवारणी करतात, तिथे पुढच्या चाकांशिवाय भागत नाही. गंमत अशी की वावरातून निघून ट्रॉली घेऊन बाजार समितीच्या वाटेला लागलेला ट्रॅक्टरही पुष्कळदा दांडा तसाच ठेवून डांबरावरून जातो. ट्रॅक्टरची पुढची चाकं मुद्दामच मागच्यांपेक्षा किंचित पुढे धावतील अशी जुळवलेली असतात, वावरात ती ओढ कामाची. सडकेवर ती सरळ चालतानाही टायर खरवडत नेते. दांडा काढून ठेव, हे शोरूममध्ये सांगत असतीलही. पण शेतकऱ्याला ते पटतं टायरवाल्याने नव्या जोडीचा भाव सांगितल्यावर.