सिल्की, सीब्राइट आणि आमची दांडगट लाल मंडळी

अमेरिकेत घरामागे कोंबड्या पाळतो म्हटलं की आपल्या लोकांचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "अंडी किती मिळतात?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "मग... कापता का?" उत्तरं अनुक्रमे "भरपूर" आणि "नाही, बायको घराबाहेर काढेल". पण गेल्या महिन्यात एका मित्राने तिसराच प्रश्न विचारला. त्याच्या मुलीला ती कापसाच्या बोळ्यासारखी दिसणारी सिल्की हवी आहे, आणि अंगणात आधीच चार मोठ्या कोंबड्या आहेत. त्यांच्यात सोडली तर चालेल का? फोनवर पाऊण तास गेला. म्हटलं, एकदा लिहूनच काढू.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात राहतो. आमच्याकडे आधी तीन मोठ्या होत्या: दोन ऱ्होड आयलंड रेड आणि एक ऑर्पिंग्टन. २०२२ च्या वसंतात त्यांत दोन सिल्की आणि दोन सीब्राइट आल्या. पोस्टाने! इथे एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून पोस्टाने पाठवतात. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस निघतात. मारेक्सची लस तेवढी हॅचरीतूनच टोचून मागवा. सिल्की आणि सीब्राइट दोघींनाही त्या रोगाचा धोका जास्त, आणि लस पहिल्याच दिवशी द्यायची असते.

सीब्राइट ही खरी बँटम, म्हणजे ठेंगणी जात. तिची मोठी आवृत्ती कुठेच नाही. सर जॉन सीब्राइट नावाच्या इंग्रज गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती तयार केली. सोनेरी किंवा चंदेरी पिसं आणि प्रत्येक पिसाला काळी किनार, जणू पैठणीचा काठ. सिल्कीची पिसं एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून ती केसांसारखी दिसतात. पायाला चारऐवजी पाच बोटं आणि कातडी काळी. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली, "अरे, ही कोंबडी आहे की मांजर?" काळी कातडी दिसल्यावर मात्र लगेच, "म्हणजे कडकनाथ!" आईचा नेम अगदी चुकीचा नव्हता. झाबुआच्या कडकनाथमध्ये आणि सिल्कीमध्ये कातडी-हाडं काळी करणारा जनुकीय बदल एकच आहे.

आता वजनं बघा. ऱ्होड आयलंड रेड मादी साधारण तीन किलो, सिल्की ९०० ग्रॅम, सीब्राइट जेमतेम ६०० ग्रॅम. या हिशेबाने सगळ्यात जास्त हाल सीब्राइटचे व्हायला हवेत. प्रत्यक्षात आमच्या तारा आणि चमकीच्या अंगाला चोच लागल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. लाल बाई मान वाकडी करेपर्यंत त्या कुंपणावर. दाण्याच्या भांड्यात पुढून घुसतात, मागून पळतात. सिल्कीला उडता येत नाही, हे एक झालं. पण खरा घोळ डोक्यावरच्या झिपऱ्यांचा आहे. कोंबडीचे डोळे बाजूला असतात, त्यामुळे तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. सिल्कीच्या डोळ्यांवर मात्र झिपऱ्यांचा पडदा. समोरची कोंबडी मान ताठ करून धमकावते तेव्हा खालच्या पायरीवरच्या कोंबडीने बाजूला व्हायचं असतं, हा कळपाचा शिष्टाचार. कोंबड्यांमधली ही उतरंड श्येल्डरुप-एब्ब या नॉर्वेजियन माणसाने १९२१ मध्ये प्रथम शास्त्रशुद्ध मांडली. सिल्कीला धमकी दिसतच नाही, म्हणून ती जागची हलत नाही, आणि लाल बाईंच्या लेखी तो उर्मटपणा ठरतो.

आमच्या मोगरीचं नेमकं तेच झालं. तीन आठवडे जाळीच्या दोन बाजूंना ठेवून ओळख झाली होती, एकत्र सोडल्यावर पहिले काही दिवसही बरे गेले. मग एका संध्याकाळी ती रक्ताळलेल्या डोक्याने कोपऱ्यात बसलेली सापडली. बऱ्याच सिल्कींच्या कवटीवर टेंगूळ असतं, तिथलं हाड पूर्ण बुजलेलं नसतं. वर फक्त कातडी. टोचा तिथेच बसला होता. दुसऱ्या दिवशी मान पिळवटलेली आणि मोगरी उलटी चालतेय. तीन दवाखान्यांनी फोनवरच "आम्ही कोंबडी बघत नाही" म्हणून सांगितलं. चौथ्या ठिकाणी पक्ष्यांची डॉक्टर भेटली, तिने सूज उतरण्याचं औषध दिलं. बायको जन्मात अंड्याला हात न लावलेली, पण दोन आठवडे मोगरीला मांडीवर घेऊन ड्रॉपरने भरवत होती. आठ वर्षांची लेक रोज सकाळी आधी लाँड्री रूममध्ये डोकावून मग दात घासायला जायची. सोळाव्या दिवशी मान सरळ झाली.

नंतर आम्ही झिपऱ्या डोळ्यांपुरत्या कापल्या. प्रदर्शनात न्यायची नसेल तर बेधडक कापा. दाण्या-पाण्याची भांडी दोन-दोन केली, एक दुसरीवरून दिसणार नाही अशा जागी. लाकडी खोकी आणि फांद्या टाकून आडोसे केले, कुठेही आत कोंडून जाईल असा कोपरा ठेवला नाही. सिल्कींना जमिनीवर ढीग करून झोपायची सवय, मोठ्या दांड्यावर बसतात. रात्रभर वरून अंगावर घाण पडू नये म्हणून खुराड्यात त्यांचा वेगळा कप्पा केला. दाणा सगळ्यांना एकच, कमी कॅल्शियमचा, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. ज्या अंडी घालतात त्या आपणहून खातात. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या. साध्या षटकोनी जाळीतून रकून हात घालतो.

दुसरी सिल्की, कापशी. सहाव्या महिन्यात पहाटे साडेपाचला ती आरवली! सिल्कीतला नर-मादी भेद इतक्या उशिरा कळतो, आणि आमच्या गावात कोंबडा पाळायला मनाई. "शेतावर देऊ" म्हणणं सोपं असतं, पण त्याचा अर्थ बऱ्याचदा रस्सा असतो, हे लेकीला ठाऊक होतं. पाच आठवडे शोधून, तासाभराच्या अंतरावर फक्त बँटम पाळणाऱ्या एका कुटुंबाकडे जागा मिळाली. तोवर तो गॅरेजमध्ये, अंधाऱ्या खोक्यात झोपायचा. शेजारी भले म्हणून निभावलं. तेव्हा पिल्लं मागवण्याआधी कोंबडा निघाला तर कुठे जाईल ते ठरवून ठेवा.

मित्राला मी सांगितलं: चार मोठ्यांत एकटी सिल्की नको. किमान दोन घे, माद्या असल्याची खात्री झालेल्या वयाच्या घे, महाग पडल्या तरी. महिनाभर वेगळ्या ठेव, मग जाळीआडून ओळख. आणि चौघींत एखादी खरोखर खुनशी असेल तर आधी तिचा बंदोबस्त कर किंवा सीब्राइट घे. मुलीला कुशीत घ्यायला कोंबडी हवी असेल तर सीब्राइट काही हाती लागणार नाही, हेही सांगितलं.

मोगरी सध्या खुडूक आहे. लाल बाईंची तीन अंडी पोटाखाली घेऊन बसली आहे. कोंबडा नाही, अंडी फळणार नाहीत, पण तिला कोण समजावणार? लाल बाई दारात आल्या की ती फुगून आवाज काढते, आणि बाई वळून दुसऱ्या खोक्यात अंडं घालायला जातात.