पंखाची पुढची कड

कारल्याच्या मांडवाखाली फळमाशीचा सापळा टांगला आणि दोन दिवसांत बाटलीचा तळ माशांनी भरला. मी खूश. आठवड्यानं पाहतो तर कारली होती तशीच: वाकडी, एका अंगानं पिवळी पडलेली, चिरली की आत पांढऱ्या अळ्यांची वळवळ. मग मेल्या त्या माशा कुठल्या?

बाटली पांढऱ्या कागदावर उपडी केली, दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं आणि बसलो. सगळ्या साधारण घरमाशीएवढ्या, गांधीलमाशीसारख्या बारीक कमरेच्या, अंगावर पिवळ्या खुणा. नुसत्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच.

आधी पाहायची ती पंखाची पुढची कड. काहींच्या कडेनं बारीक काळसर रेघ टोकापर्यंत सलग गेली होती. पाठ काळी, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी खूण. ही बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, आंब्या-पेरूवरची. काहींची रेघ मध्येच तुटलेली आणि टोकाला फक्त एक ठिपका. यांत पुन्हा दोन जाती: तांबूस पाठीची झोनाटा आणि काळ्या पाठीची करेक्टा. बाटलीत पडून पडून रंग उतरलेला असतो, म्हणून मी चिमट्यानं माशी उताणी धरून तोंड बघतो. झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन सुटे गोल ठिपके असतात. करेक्टाचे ठिपके आडवे ताणलेले, एकमेकांना जवळजवळ भिडलेले, अगदी मिशी ठेवल्यासारखे. ती मिशी एकदा दिसली की पुन्हा गफलत होत नाही.

कारल्यावरची माशी त्या कागदावर एकही नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी वेलावरच सापडली. नारिंगी-तपकिरी अंग, पाठीच्या दोन्ही कडांना पिवळ्या रेघा आणि मधोमध तिसरी. पंखाच्या टोकाला मोठा डाग, शिवाय पंखावरून आडवा गेलेला एक धूसर पट्टा. झ्युगोडेकस कुकुर्बिटी. काकडी, दोडका, दुधी, कारलं हे हिचं घर.

चूक माझीच होती. बाटलीत मिथाईल युजेनॉल होतं. त्याच्या वासाला पहिल्या तिन्ही जातींचे नर येतात. (तुळशीतही हे द्रव्य असतं, म्हणून चुरगळलेल्या पानांवर हेच नर येऊन बसतात.) कुकुर्बिटीचा नर त्याकडे फिरकत नाही, त्याला क्यू ल्युअर हे दुसरं आमिष लागतं. मी कारल्याखाली शेजारच्या पेरूच्या माशा मारत बसलो होतो.

अशा सापळ्यात नरच येतात. फळ नासवणारी मादी बघायची तर फळच ठेवावं लागतं. किडकं कारलं बरणीत ओलसर वाळूवर ठेवायचं, तोंडाला मलमलीचं फडकं बांधायचं. अळ्या वाळूत शिरून कोष करतात, काही दिवसांनी माशा बाहेर येतात. पहिल्या खेपेला मी त्या लगेच मारल्या आणि फसलो. नुकती निघालेली माशी फिकट असते, पट्टे उमटलेलेच नसतात. आता साखरपाणी देऊन दोन-तीन दिवस थांबतो. मग मादीच्या पोटाचं टोकदार टोक दिसतं. त्यानंच ती सालीत भोक पाडून अंडी घालते.

माशी ओळखण्याचं हे काम किरकोळ नाही. मे २०१४ मध्ये युरोपीय संघानं भारतीय आंब्यावर बंदी घातली ती खेपांमध्ये फळमाशी सापडली म्हणून. बंदीच्या त्याच यादीत कारलं आणि पडवळही होतं. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली.

तुमच्या मांडवावर कारली पिवळी पडत असतील तर दुकानात जाण्याआधी वेलावरची एक माशी पकडा आणि पाठीवरची मधली रेघ बघा. रेघ असेल तर क्यू ल्युअरच मागा. आणि गळालेली फळं वेलाखाली ठेवू नका. पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका, कारण अळ्या वेलाखालच्याच मातीत उतरतात.