मोटारीच्या ब्रेकांतील गंज

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी माझी जुनी मोटार घेऊन खंडाळ्याचा घाट उतरून आलों. खालीं थांबून पाहतों तों पुढचें डावें चाक इतकें तापलेलें कीं, त्याला हात लाववेना. उजवें मात्र त्या मानानें थंड होतें. ब्रेकवरचा पाय मीं केव्हांच काढला होता. पण डाव्या ब्रेकनें आपली पकड सोडली नव्हती. वास्तविक, गाडीच्या आधींच्या मालकानें त्या ब्रेकला सुरेख तांबडा रंग दिलेला होता!

चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला चिमट्याप्रमाणें दोन्ही बाजूंनीं पकडणारा जो भाग, त्यास कॅलिपर म्हणतात. तबकडीच्या ब्रेकचें पेटंट इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं घेतलें. आज बहुतेक मोटारींच्या पुढच्या चाकांना हाच ब्रेक असतो. आपण पाय दाबला कीं तेलाच्या दाबानें कॅलिपरमधील दट्ट्या पुढें सरकतो व पॅड तबकडीवर आवळले जातात. मग पाय काढल्यावर दट्ट्याला मागें कोण घेतें? त्याच्याभोंवतीं बसविलेलें रबरी कडें. दट्ट्या पुढें जातांना हें कडें किंचित् वांकतें आणि पूर्ववत् होतांना त्याला केसभर मागें ओढतें. दट्ट्यावर गंज चढला कीं हें केसभर मागें येणेंच थांबतें.

तेव्हां कॅलिपर सोडवून पाहणें हाच उपाय. गाडी केवळ जॅकवर न ठेवतां भक्कम स्टँडवर ठेवावी. जुन्या पॅडच्या धुळींत ॲस्बेस्टॉस असूं शकतो. म्हणून ती फुंकूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत न ठेवतां तारेनें बांधावा. समोर लांकडी ठोकळा धरून ब्रेकचें पेडल हळूहळू दाबलें म्हणजे दट्ट्या बाहेर येतो. तेथें बोटें मुळींच घालूं नयेत. बाहेरचा गंज तारेच्या ब्रशानें काढावा. दट्ट्यावर खड्डे पडले असतील तर घासत न बसतां तो नवा घालावा. आंतील भाग रॉकेलनें वा पेट्रोलनें धुऊं नयेत. त्यानें रबर फुगतें. नवें कडें ताज्या ब्रेक-तेलांत भिजवून बसवावें. दोन्ही बाजूंचें काम एकदमच करावें.

आंत गंज येतो कोठून? फाटलेल्या रबरी टोपींतून पाणी शिरतें; शिवाय नेहमींचें ब्रेक-तेल हवेंतील ओल शोषून घेतें. डॉट ४ जातीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदु निदान २३० अंश सेंटिग्रेड असावा लागतो. ओल शिरल्यावर तो १५५ पर्यंत उतरूं शकतो. म्हणून दर दोन वर्षांनीं तेल बदलावें. जोडणी झाल्यावर नळ्यांतील हवा काढून पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावें. त्याआधीं गाडी हलवूं नये. पहिल्या वेळीं अनुभवी मिस्त्री जवळ असावा.

बाहेरचा गंज पाहून घाबरूं नये, आणि बाहेरचा रंग पाहून निर्धास्तहि राहूं नये. घाट उतरणाऱ्याचा जीव त्या केसभर अंतरावर अवलंबून असतो.