फॉर्स्टर यांचे देवास

परदेशी राहिलेला कलावंत तेथील नित्याच्या जीवनाविषयी लिहितो, तेव्हा त्याचे चित्र खरे आहे की नाही एवढाच प्रश्न आपण बहुधा विचारतो. आमच्या मते त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न विचारला पाहिजे : पाहिलेल्याचे त्याने पुढे काय केले? इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर (१८७९–१९७०) यांच्या देवास येथील वास्तव्यावरून हा भेद चांगला स्पष्ट होतो. निसरपुराकडील आम्हां माळव्यातील मराठी मंडळींना तर देवास मुळीच परके नाही; धारचे व देवासचे पवार एकाच कुळातले.

देवास नगर एक, पण संस्थाने दोन : थोरली पाती आणि धाकटी पाती. थोरल्या पातीचे अधिपती तिसरे तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे जामात. त्यांचे एके काळचे शिक्षक माल्कम डार्लिंग यांच्यामुळे फॉर्स्टर यांचा त्यांच्याशी स्नेह जडला. १९१२-१३ च्या प्रवासात फॉर्स्टर देवासला पाहुणे म्हणून आले. १९२१ मध्ये महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून सुमारे सहा महिने राहिले. पाहुण्याला दरबार दिसतो, चिटणिसाला कारभार. बाग, मोटारी, अतिथिगृह, विजेचे यंत्र ही खाती त्यांच्याकडे आली आणि पुरा होण्याआधीच मोडकळीस येऊ लागलेला नवा राजवाडा त्यांना रोज पाहावा लागला. हे सारे त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांत आहे. ती पत्रे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने ग्रंथरूप झाली. ग्रंथनामातील टेकडी म्हणजे देवासची चामुंडेची टेकडी.

या पत्रांतील एक साधा प्रसंग घ्या. क्षिप्रेकाठी बरोबरच्या गावकऱ्यांनी पैलतीरावर साप असल्याचा गलका केला. फॉर्स्टर यांना ते वाळलेले झाडसे वाटले. पण गावकऱ्यांनी सापाची जात व त्याचा डूख धरण्याचा स्वभावही सांगितला. दगड मारून पाहिले, तो हलेना. अखेर ते झाडच ठरले आणि सर्व गावकरी खो खो हसले.

१९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या कादंबरीत हाच प्रसंग उलटा होऊन येतो. तेथे ‘साप’ हा शब्द प्रथम ॲडेला ही इंग्रज तरुणी उच्चारते; दुर्बिणीतून ताडाचे खुंट दिसताच ती तो मागे घेते, पण गावकरी तो सोडीत नाहीत. हा बदल सहेतुक आहे. पुढे हीच ॲडेला डॉक्टर अझीझवर आरोप करते व न्यायालयात तो मागे घेते. तरी एकदा उच्चारलेल्या शब्दाने केलेली हानी भरून येत नाही. तिची पूर्वसूचना या खुंटात आहे. मात्र त्यासाठी गावकऱ्यांचे हसू लेखकाला खर्ची घालावे लागले. केवळ कादंबरी वाचणाऱ्याला ते हट्टी दिसतील. आपल्याच फजितीवर हसणारी ती माणसे त्याला भेटणारच नाहीत.

गोकुळाष्टमीच्या उत्सवाची गोष्ट याहून निराळी. १९२१ चा तो उत्सव फॉर्स्टर यांनी देशी पोशाखात, अनवाणी राहून अनुभवला. वाद्यांचा कल्लोळ, सजावटीतील अव्यवस्था यांनी ते त्रासले. पण देवापुढे नाचणाऱ्या महाराजांच्या भक्तीची त्यांनी थट्टा केली नाही. तलावात विसर्जित होणारे गोकुळ कादंबरीच्या अखेरच्या भागात आले आणि त्याबरोबर आपला तुकारामही आला. येथे कलावंताने अनुभवातील गोंधळ झाकला नाही. गोंधळातूनच अर्थ काढला.

कारभाराची ही विस्कट पुढे संस्थानाला भोवली. कर्जबाजारी झालेले तुकोजीराव पाँडिचेरीस गेले आणि १९३७ मध्ये तेथेच वारले. त्यांचे दोष फॉर्स्टर यांना ठाऊक होते. स्नेह तरीही आटला नाही.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना अशी की, ही कादंबरी वर्गात घेताना क्षिप्रेकाठचे ते पत्र शेजारी ठेवावे. परकीयाने आपल्याला कसे रंगविले याचा राग किंवा अभिमान मग गौण ठरतो. पाहिलेल्यातून कलावंताने काय घेतले व काय टाकले, हे विद्यार्थ्याला स्वतः पडताळता येते. आणि टाकलेल्यात आपल्या गावकऱ्यांचे हसू होते, हेही त्याला कळते.