मुखप्रसाधनाची क्रीम आणि त्वचेची ॲलर्जी

चेहऱ्यावर कंडू, आरक्तता व पुरळ घेऊन आलेला रुग्ण बहुधा वापरातील क्रीमला दोष देतो. मात्र क्रीम ‘हर्बल’ असल्यास ती सहसा संशयातून सुटते. या दोन्ही समजुती तपासल्याशिवाय निदानपरिवर्जन, म्हणजेच चिकित्सेची पहिली पायरी, साध्य होत नाही.

कारक द्रव्ये

क्रीममधील ॲलर्जीस प्रामुख्याने सुगंधी द्रव्ये व परिरक्षके कारणीभूत ठरतात. मेथिलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकावर युरोपीय संघाने, न धुता त्वचेवर ठेवावयाच्या प्रसाधनांपुरती, २०१७ पासून बंदी घातली. वनस्पतिज द्रव्येही याला अपवाद नाहीत. दालचिनीच्या तेलातील सिनामाल ॲलर्जीकारक आहे. संत्र्याच्या तेलातील लिमोनिन हवेच्या संपर्काने जुने झाल्यावर अधिक उपद्रवी होते. म्हणून अशा तेलाची बाटली घट्ट बंद असावी. बाकुचीयुक्त लेपावर ऊन पडल्यास दाह व फोड संभवतात.

रत्नागिरीतील विशेष

आंबा, काजू व बिब्बा या एकाच कुलातील वनस्पती होत. आंब्याचा चीक, काजूच्या टरफलातील तेल व बिब्ब्याचे तेल यांतील दाहक घटक परस्परसदृश असून, एकास संवेदनशील झालेली त्वचा दुसऱ्यासही प्रतिक्रिया देऊ शकते. भल्लातकाचे अग्निसमान तीक्ष्णत्व चरकसंहितेने सांगितलेच आहे. हाताला लागलेला चीक चेहऱ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून आंब्याच्या हंगामात क्रीमला दोष देण्यापूर्वी रुग्णाचा व्यवसाय, बागेतील काम व काजू सोलण्याचे काम यांची चौकशी अवश्य करावी.

परीक्षण

ॲलर्जीची लक्षणे बहुधा एक ते तीन दिवसांनी प्रकटतात. वर्षानुवर्षे सोसलेली क्रीमही एकाएकी बाधू शकते. म्हणून ‘ही तर जुनीच क्रीम आहे’ या उत्तरावर विसंबू नये. संशय असल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. यात पट्टी ४८ तासांनी काढतात व ७२ ते ९६ तासांनी पुन्हा वाचन करतात.

औषधविक्रेत्यांसाठी

‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ असे आश्वासन ग्राहकास देऊ नये. रुग्णास क्रीम त्वरित थांबविण्यास सांगावे. मात्र वेष्टन व घटकयादी जपून ठेवावी. त्वचेवर लावावयाची अनेक स्टेरॉईड औषधे २०१८ मध्ये अनुसूची ‘एच’मध्ये आणली गेली; ती चिठ्ठीविना देऊ नयेत. त्यांनी पुरळ दबते, कारण मात्र दडून राहते. ओठ वा डोळे सुजल्यास किंवा श्वास लागल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. आयुर्वेदीय औषधाचा संशयित दुष्परिणाम आयुष औषधदक्षता कार्यक्रमाकडे कळवावा. अशी नोंद आपल्या शास्त्राची विश्वासार्हता वाढविते.