मेंदूचा मुका मार

१७ ऑगस्ट २०१९. लॉर्ड्सवर अ‍ॅशेस मालिकेतली कसोटी रंगात आली होती. जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, कानाच्या खाली आदळला आणि स्मिथ कोसळला. डॉक्टरांनी त्याला आत नेऊन तपासलं. चाचण्या व्यवस्थित आल्या, म्हणून तो त्याच दिवशी पुन्हा फलंदाजीला उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याचं डोकं जड झालेलं होतं. तो सामन्याबाहेर गेला आणि त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन कसोटी क्रिकेटमधला पहिला कन्कशन (म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार) बदली खेळाडू ठरला.

मग आदल्या दिवशी ही दुखापत दडली होती कुठे?

आपला मेंदू सुमारे १४०० ग्रॅमचा. पण कवटीतल्या द्रवात तो तरंगतो आणि तिथे त्याचं वजन जेमतेम ५० ग्रॅम भरतं! इतकी नाजूक व्यवस्था बिघडते कशी, याचा शोध दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डमधल्या होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने घेतला. त्याने जिलेटिनचा नकली मेंदू बनवला आणि १९४३ मध्ये निष्कर्ष मांडला: मेंदू दाबला जाणं अवघड, पण पिळवटला जाणं फार सोपं. लावलेल्या दह्याचं पातेलं झटकन फिरवलं, तर पातेलं आधी वळतं, दही मागे राहतं आणि मोडतं. डोकं गर्रकन वळलं की मेंदूतही असाच ताण पडतो. म्हणून डोक्यावर थेट घाव न बसता, नुसत्या हिसक्यानेही कन्कशन होऊ शकतं.

खरी नवलाई पुढेच आहे. ताणलेल्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर झिरपतं, कॅल्शियम आत घुसतं. ही घडी पुन्हा बसवायला क्षारांचे सूक्ष्म पंप जिवाच्या आकांताने चालू लागतात. त्यांना ग्लुकोज हवं असतं भरपूर आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा घटतो. शरीराच्या वजनाच्या अवघा २ टक्के असलेला हा अवयव एरवीच २० टक्के ऊर्जा खातो. त्याच्यावर आता दुष्काळात तेरावा महिना! डोकेदुखी, गरगरणं, विसराळूपणा, चिडचिड हे सगळं या तुटवड्याशी जोडलेलं आहे.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीची चीर दिसते. क्षारांची ही उलथापालथ दिसत नाही. त्यामुळे ‘स्कॅन नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘मेंदूला काही झालं नाही’ असा होत नाही. शुद्ध हरपली नाही, हीसुद्धा खात्री नव्हे. कन्कशन झालेल्या बहुतेकांची शुद्ध शाबूत असते. हेल्मेट कवटी वाचवतं, म्हणून ते हवंच. पण आतला पीळ ते पूर्ण थोपवू शकत नाही.

तुटवड्याच्या या अवस्थेत मेंदूला दुसरा धक्का बसला, तर तो क्वचित जिवावरही बेततो. तेव्हा खेळताना पडलेलं मूल ‘मी ठीक आहे’ म्हणालं, तरी शंका असेल तर त्या दिवशी त्याला मैदानात परत पाठवू नका. पहिले एक-दोन दिवस दमवणारं काही नको. मग हळूहळू हालचाल वाढवा आणि खेळ सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, न उतरणारी झापड, अडखळणारी जीभ किंवा आकडी यांपैकी काहीही दिसलं, तर वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा.