मनगटावरचा आकडा

मलकापूरच्या एस.टी. स्टँडवर क्षणभर उभे राहा. कोल्हापूरची गाडी येथे थांबून पुढे आंबा घाटाने रत्नागिरीकडे जाते. समजा, तिच्यातून उतरलेल्या पाहुण्याच्या मनगटावर पावले मोजणारे घड्याळ आहे. "सहा हजार झाली, अजून चार हजार बाकी!" पाहुणा म्हणतो. त्याच वेळी डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली एक बाई रस्ता ओलांडते आहे. तेच घड्याळ तिच्या हातात बांधले तर?

मित्रहो, घड्याळाला पाय दिसत नाहीत. त्याच्या पोटात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात हलला की तो किंचित सरकतो आणि शेजारच्या पट्ट्यांमधील विद्युत्-धारिता बदलते. या बदलात ठरावीक लयीचे हेलकावे आढळले, की घड्याळ ती पावले समजते. बाईचा हात तर भाऱ्याला घट्ट धरलेला! तिची बरीच पावले हिशेबाबाहेरच राहतील. भातलावणीत दिवसभर चिखलात वाकणाऱ्यांची गोष्ट तर विचारूच नका.

बरे, दहा हजारच का? १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक सामने झाले. पुढच्याच वर्षी एका जपानी कंपनीने 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचे मापक', विक्रीस आणले. आकडा आला तो या नावातून, प्रयोगशाळेतून नव्हे. चालणे हितकारक आहेच. पण ९,९९९ पावलांवर काही बिघडत नाही.

मोजमाप अगदी बिनचूक असले तरी फसगत होऊ शकते. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की 'बी.एम.आय.' हा निर्देशांक मिळतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा निर्देशांक एकच होता, २२.३. मग शरीरातील चरबी मोजली. युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के! २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ही नोंद दोघांच्या छायाचित्रासह छापून आली. भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही आतून चरबीयुक्त असू शकतो. आपल्याकडे बारीक माणसांनाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा येथे आहे. युरोपातील माणसांवरून ठरवलेली 'ठीक'ची रेषा आपल्याला तशीच लावणे म्हणून धोक्याचे.

आणखी एक गोष्ट. घड्याळातील नाडी, झोप, फिरण्याच्या जागा हे सारे पुष्कळदा फोनमार्गे कंपनीच्या संगणकात साठते. उद्या बुटांची जाहिरात तुम्हालाच का दिसावी, हे त्यावरून ठरवता येते. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती करण्यास मनाई करणारे कलम आहे. ते शिक्षकांकडून समजून घ्या.

कोणाकडून असे घड्याळ मिळाले तर रविवारी एक प्रयोग करा. हात झुलवत ५०० पावले मनात मोजून चाला. मग डोक्यावर दप्तर त्याच हाताने धरून पुन्हा ५००. घड्याळाचे दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि सोमवारी वर्गात दाखवा.